मोठ्या बाई पडतात

मोठ्या बाई पडल्या ही बातमी मोठ्या बाई उठायच्या आत गावभर झाली. बातमी फार वेगानं गेली, की बाईंनाच उठायला फार वेळ लागला, याचा निकाल तलावाच्या बागेतल्या बाकांवर अजून लागलेला नाही. तो लागणारही नाही. त्या बाकांवरची मंडळी रोज सकाळी फिरायला म्हणून घरातून निघतात आणि येऊन बसतात. त्यांच्याकडून निकालाची अपेक्षा बाईंनी ती मंडळी शाळेत होती तेव्हाच सोडली होती.

बरं, पडणंही साधंसुधं नव्हतं. तलावाभोवतीच्या फरसबंद वाटेवर, वळणाशी, एका झाडाच्या मुळानं एक फरशी खालून उचलून धरली आहे. तिथे पळता पळता बाईंच्या डाव्या बुटाचं टोक अडकलं. बाई आधी हवेत गेल्या, मग हातांवर आल्या, मग गुडघ्यांवर, आणि शेवटी हनुवटीवर. जी हनुवटी गावानं आजवर फक्त वर उचललेलीच पाहिली होती, ती मातीत टेकली. आणि अशा वेळी माणसांच्या तोंडून "अरे, धरा धरा!" निघतं की नाही? इथे बाकावरून आवाज आला, "बाई, पळू नका!"

हे वाक्य मूळचं बाईंचं. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या तेव्हा व्हरांड्यात, जिन्यात, पाण्याच्या नळापाशी त्यांनी ते अखंड म्हटलं. एकदा तर धावण्याच्या शर्यतीतही सवयीनं तोंडून गेलं. पुढचा मुलगा जागच्या जागी थिजला आणि सगळ्यात मागून रमतगमत येणाऱ्याला बक्षीस द्यावं लागलं. गावात आज जे कोणी दात काढतात, गाड्या दुरुस्त करतात, कचेऱ्या सांभाळतात, ते सगळे या एका वाक्याच्या धाकात वाढले. ते वाक्य आज बाईंना साभार परत मिळालं होतं.

"कोण बोललं ते?" बाईंनी जमिनीवरूनच विचारलं.

बाकावरचे सगळे एकदम तलावाकडे बघायला लागले. वर्गातही हेच करायचे. तेव्हा खिडकी होती, आता तलाव, एवढीच काय ती प्रगती.

अहंकार मोठा चिवट असतो. गुडघा फुटतो, हनुवटी सोलते, त्याला मात्र खरचटतही नाही. बाई लंगडत घरी निघाल्या आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेल्या, "काही नाही, बुटाची नाडी बांधत होते." नाडी बांधताना हनुवटी कशी फुटते, हे विचारायची एकाचीही टाप नव्हती.

घरी वन्सं हजर होत्या. वन्सं म्हणजे बाईंच्या नवऱ्याची धाकटी बहीण. राहायला खालच्याच मजल्यावर, पण सल्ला द्यायला कायम वरच्या मजल्यावर.

"वहिनी, मी म्हणतच होते." वन्संचं प्रत्येक बोलणं इथूनच सुरू होतं, आधी त्या काय म्हणत होत्या ते कुणालाच आठवत नाही. "या वयात पाऊल टाकायच्या आधी माणसानं पावलाला विचारावं."

"आणि पाऊल काय म्हणतं?"

"माझं तर नकोच म्हणतं. म्हणून मी कुठे जातच नाही!"

नवऱ्यानं सल्ला दिला नाही. सगळं गाव त्यांना दादा म्हणे. जन्म नकाशे काढण्याच्या कचेरीत गेल्यामुळे त्यांना कमी बोलायची आणि बारीक रेघेत राहायची सवय होती. ते गुपचूप बाहेर गेले आणि चार पायांची काठी घेऊन आले.

"अहो, हे काय?"

"काठी. असू दे गं. दाराआड राहील."

"माझे दोन आणि हिचे चार. सहा पाय मुंगीला लागतात. परत करून या."

दुकानदारानं काठी परत घेतली नाही. तोही बाईंचाच विद्यार्थी. "राहू द्या दादा, लागेल," म्हणाला, आणि ते इतक्या गोड आवाजात म्हणाला की दादांना घरी सांगायचा धीर झाला नाही. काठी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहिली आणि तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. बाईंच्या मते तिची लायकी तेवढीच होती.

जखमा वाळल्या. मनगटाची सूज उतरली. बाईंनी बूट चढवले, बागेत गेल्या, पळायला लागल्या, आणि वळण दिसताच पाय थांबले. बाईंनी थांबवले नव्हते. पायांनी परस्पर ठरवलं होतं. बाईंनी वाकून सुटलेली नसलेली नाडी सोडून बांधली आणि चालत परत आल्या. दुसऱ्या दिवशी पाय वळणाच्याही अलीकडे थांबले. पुढे पुढे तर फाटकातच. ज्या बाईंच्या हुकमाबाहेर तपासणीला आलेले साहेबसुद्धा गेले नाहीत, त्यांच्या हुकमाबाहेर गेले ते त्यांचेच पाय. घरचे भेदी, दुसरं काय!

त्या पळण्यात एवढं काय होतं, हे बाईंनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सकाळी वाट बुटांखालून सरकायला लागली, श्वासाला ताल लागला, की भजन रंगात आल्यावर म्हणणारा जसा स्वतःला विसरतो तसं काहीतरी व्हायचं. तेवढा वेळ त्या कुणाच्या मोठ्या बाई नव्हत्या, कुणाच्या वहिनी नव्हत्या, कुणाचं काही चुकलेलं त्यांना दिसत नव्हतं. जगाच्या चुका न दिसणं हे सुख त्यांना निवृत्तीनंतरच, आणि फक्त पळतानाच, मिळालं होतं. ते आता गेलं होतं. म्हणून तर जगाच्या चुका पूर्वीच्या दुप्पट दिसायला लागल्या.

पण "भीती वाटते" हे शब्द बाईंच्या तोंडी कसे यायचे? त्या म्हणाल्या, "वाट खराब आहे. ती दुरुस्त झाल्याखेरीज मी पळणार नाही." घाबरलेल्या माणसाला तत्त्वाचा मोठा आधार असतो, घोंगडीसारखं ते डोक्यावरून ओढून घेता येतं. आणि सरकारी कारभारावर बाईंचा पुरेपूर विश्वास होता, की वाट काही या जन्मी दुरुस्त होत नाही.

तरी तक्रार करणं भाग होतं. उद्यान अधीक्षकाच्या कचेरीत बाई शिरल्या तसा अधीक्षक ताडकन उठून उभा राहिला. त्याच्यासमोर बसलेला ठेकेदारही, का ते न कळता, उभा राहिला. शाळेत या अधीक्षकाला सगळे कोपरा म्हणत, कारण त्याचं बरंचसं शिक्षण वर्गाच्या कोपऱ्यात उभ्यानं झालं होतं.

"बस," बाई म्हणाल्या. दोघं बसले. "वळणावरची फरशी उचलली गेलीय. नीट करून घे."

"लगेच, बाई. फक्त एक अडचण आहे. फरशी आमची, पण तिच्याखालचं मूळ वृक्ष विभागाचं."

"मग वृक्ष विभागाला सांग."

"सांगितलं. ते म्हणतात, मूळ जमिनीच्या आत असेल तोवर आमचं. वर आलं की ते अतिक्रमण. त्याचा विभाग वेगळा."

"मग त्यांना सांग."

"त्यांनी नोटीस काढली, बाई. पण ती घ्यायला कुणीतरी लागतं. झाड घेत नाही."

"अरे कोपऱ्या, मी पडले तिथे!"

"पाहिलं ना, बाई! म्हणजे... ऐकलं. म्हणजे मी बाकावर नव्हतोच त्या दिवशी."

त्याचे कान लाल झाले. हे कान बाईंच्या चांगल्या ओळखीचे होते. बाकावरून कोण ओरडलं, हे आता वेगळं विचारायची गरज उरली नाही.

"काहीतरी करतो, बाई," तो घाईघाईनं म्हणाला. "सुरक्षेचं. तुम्ही बघाच!"

बाई समाधानानं बाहेर पडल्या. काम होणार नव्हतं. अब्रू शाबूत होती.

दादांनी मात्र त्यांना मनगट दाखवायला म्हणून व्यायामोपचार करणाऱ्या पोरीकडे नेलं. हीही शाळेतलीच. पहिल्या दिवशी रडायला लागली ती दिवाळीपर्यंत थांबली नाही, असं बाई सांगत. म्हणून तिचं नाव रडकी. आता ती दिवसभर दुसऱ्यांना रडवते आणि त्याचे पैसे घेते.

"मनगट छान आहे, बाई. पळता ना परत?"

"वाट खराब आहे."

"माझ्या खोलीतली पण? दारापासून इथवर तुम्ही एकेक फरशी तपासत आलात. झोपा बघू खाली."

"खाली म्हणजे?"

"जमिनीवर. आणि कशालाही न धरता उठून दाखवा."

बाई झोपल्या. हे सोपं होतं. मग उठायला गेल्या आणि उलट्या पडलेल्या झुरळासारखे हातपाय हवेत हलले. डावीकडे झाल्या, उजवीकडे झाल्या, शेवटी टेबलाचा पाय धरला. दादांनी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्रात डोकं घातलं. रडकी हसली असती तरी चाललं असतं. ती हसली नाही.

"तुम्हाला पडायची भीती नाही, बाई," ती म्हणाली. "पडून राहायची आहे. सगळे बघतायत आणि उठता येत नाही, याची. आपल्याला उठता येतं हे पायांना कळलं ना, की पाय ऐकतील. आधी कुशीवर वळायचं. मग हात आणि गुडघे. मग एक पाय पुढे. मग उभं. हे रोज. जमलं की गादीवर मुद्दाम पडायचं, अंग सैल सोडून, कुशीवर."

"हा काय गृहपाठ?"

"हो. आणि मी तपासणार."

देवापुढे लोटांगण घालणाराही जमिनीवरच येतो, पण "तो पडला" असं कुणी म्हणत नाही. कारण तो आपण होऊन आलेला असतो. बाई आपण होऊन आजवर कुणापुढे वाकल्यासुद्धा नव्हत्या, देवापुढेही हात जोडून ताठ उभ्या राहायच्या, जणू प्रार्थनेची वेळ आहे आणि देवाची हजेरी घ्यायची आहे. त्या बाईंना आता रोज दुपारी खोलीचं दार लावून जमिनीवर आडवं व्हावं लागे.

जमिनीवरून जग वेगळं दिसतं. बाईंना पहिल्याच दिवशी पलंगाखाली, पार भिंतीकडेला, बिस्किटांचा डबा दिसला. दादांना साखर बंद होती.

"अहो, हा कुणाचा?"

दादांनी डब्याकडे बघितलं, जमिनीवरच्या बाईंकडे बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा व्यवहार केला. "तू खाली झोपतेस हे मी कुणाला सांगत नाही," ते म्हणाले. बाईंनी डबा पायानं परत आत सरकवला.

इथवर ठीक होतं. पण बाईंना मनातल्या मनात काही शिकता येत नसे. शिकवल्याशिवाय शिकायचं कसं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्या स्वतःलाच मोठ्यानं शिकवत. आणि खालच्या मजल्यावर, दुपारची झोप सोडून, वन्संचे कान छताला लागलेले.

धप्प!

"उठा! कशाला धरायचं नाही! परत! पाठ सरळ!"

धप्प!

"हे काय उठणं झालं? लाज वाटत नाही? पुन्हा!"

वन्संनी दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांना सगळं लख्ख समजलं. वहिनी दादाला उठाबशा काढायला लावतात! शाळा सुटली, मुलं गेली, पण शिक्षा करायची सवय थोडीच जाते? घरात सापडतं कोण, तर माझा गरीब भाऊ. वन्संनी हे कुणालाही न सांगण्याच्या अटीवर इमारतीत प्रत्येकाला सांगितलं.

इमारतीनं लगेच विश्वास ठेवला. खरं तर प्रत्येकाला इतके दिवस असंच वाटत होतं. दादा जिना उतरताना दिसले की लोक हात द्यायला लागले. "दादा, बसा जरा. गुडघे कसे आहेत?" एका घरात चहा, दुसऱ्या घरात शिरा. दादांना कशाचा उलगडा होईना, पण शिरा असताना उलगड्याची घाई कोण करतं! "चाललंय आपलं," असं ते म्हणत आणि खिन्न हसत. ते खिन्न हसू त्यांचं जन्मजात होतं, पण आता त्याला बाजारभाव आला. बायाबापड्या पदर डोळ्यांना लावत.

इकडे बाईंचं उठणं सुधारत होतं. टेबल सुटलं, पलंगाची कड सुटली. एका दुपारी त्या गादीवर पडल्या आणि उठल्या, आणि कशी उठले हे त्यांचं त्यांनाच आठवेना. रडकीनं तपासून शेरा दिला, "उत्तम. आता बागेत."

"वाट दुरुस्त झालेली नाही," बाई म्हणाल्या. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कोपऱ्यानं निरोप पाठवला, की सुरक्षेचं काम पूर्ण झालं आहे, बाईंनी पाहायला यावं.

फरशी होती तशीच होती. मूळही तसंच, निर्धास्त. फक्त वळणाशी लोखंडी पायांची एक भलीमोठी पाटी उभी होती, तिचा एक पाय वाटेत आलेला. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं: पळू नका. आणि खाली जरा लहान अक्षरांत: मोठ्या बाईंच्या सूचनेवरून.

"तुमचंच वाक्य, बाई," कोपरा म्हणाला. छाती फुगलेली, गळ्यात नवी शिट्टी. "मूळ काढायला तीन विभाग लागतात. पाटीला मी एकटा पुरतो. वरच्या साहेबांनाही आवडलं. आता बागेत पळणंच बंद. कुणी पळालं की मी शिट्टी मारतो. पळणारच नाही तर पडणार कोण?"

बागेत पळणारे जे चार-सहा जण होते ते पाटीपाशी पाय ओढत चालत होते आणि बाईंकडे बघत होते. बाकांवरची मंडळी मात्र खूश होती. बसणं आता अधिकृत झालं होतं.

नीट पाहिलं तर बाईंना याहून मोठं काही मिळण्यासारखं नव्हतं. न पळण्याचं कारण आता सरकारनं लिहून, रंगवून, लोखंडी पायांवर उभं केलं होतं. त्याखाली बाईंचं नाव होतं. त्यांना आयुष्यभर घरी बसता आलं असतं, आणि तेही तत्त्वानं. बाई पाटीकडे बघत राहिल्या. मग घरी आल्या आणि बूट काढले.

"बरंच झालं," दादा हळूच म्हणाले. "आता कटकट नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग काढलेले बूट परत घातले, आणि नाडीची गाठ अशी आवळली की दादा आपसूक उभे राहिले.

"चला."

"मी कशाला?"

"चला म्हणते ना!"

जिन्यात वन्संनी हे ऐकलं. आता मैदानात नेऊन शिक्षा! गावादेखत! कुठेही न जाणाऱ्या वन्संनी पावलाला न विचारता पायात चपला घातल्या आणि "दादा, घाबरू नकोस, मी आले रे!" म्हणत मागून निघाल्या.

बागेच्या फाटकात बाईंचे पाय थांबले नाहीत. बाई पळायला लागल्या. बाकांवरची मंडळी उभी राहिली. त्यांना उभं राहिलेलं बऱ्याच वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यानं शिट्टी तोंडात घातली, पण समोर बाई येताना दिसल्यावर ती फुंकायला लागणारा वारा त्याच्या छातीत उरला नाही.

वळण आलं. पाय कचरले, एक क्षण. "पडले तर उठेन," त्या मोठ्यानं म्हणाल्या, वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि उचललेली फरशी सरळ ओलांडून गेल्या. डौलात, झोकात गेल्या. आणि त्याच झोकात पलीकडच्या पाटीच्या लोखंडी पायाला अडकून धाडकन पडल्या. पाटीही त्यांच्यासोबत आडवी झाली.

सगळी बाग धावली. पळायला बंदी असलेल्या बागेत एकाच वेळी इतकी माणसं कधी पळाली नव्हती.

"थांबा!" जमिनीवरून आवाज आला. "कुणी हात लावायचा नाही!"

सगळे थांबले. बाईंनी हनुवटी चाचपली. या वेळी तिला काही झालं नव्हतं, अंग सैल सोडून कुशीवर पडल्या होत्या. "कुशीवर," त्या म्हणाल्या. "हात आणि गुडघे. एक पाय पुढे. पाठ सरळ. उठा!" आणि उठल्या. कोपर रक्ताळलेलं, केसांत पालापाचोळा, आणि साऱ्या गावासमोर बाई कशालाही न धरता उभ्या.

वन्संनी दादांचा हात घट्ट धरला होता. तो हळूहळू सैल झाला. "म्हणजे रे... धप्प व्हायचं ते वहिनी? उठाबशा तू नव्हतास काढत?"

"कसल्या उठाबशा?" दादा म्हणाले, आणि एकदम त्यांना शिऱ्याचा उलगडा झाला. त्यांचं खिन्न हसू पहिल्यांदाच खरोखरीचं खिन्न झालं.

बाईंना हे ऐकायला वेळ नव्हता. त्या वळणापलीकडे गेल्या होत्या. बूट वाजत होते, श्वासाला ताल लागत होता, कोपर झोंबत होतं आणि तलावाच्या त्या बाजूला कुणाचंही काही चुकलेलं त्यांना दिसत नव्हतं.

पूर्ण फेरी मारून त्या परत आल्या तेव्हा वळणाशी घोळका तसाच होता. मध्ये कोपरा आडवा. "बाई, रक्त येतंय, थांबा!" करत त्यांच्यामागे धावायला निघाला होता आणि आपल्याच पाटीत पाय अडकून पडला होता. दोघे त्याला काखेतून ओढत होते, एक जण पाय ओढत होता, आणि ती दोन्ही ओढकामं परस्परविरुद्ध दिशांनी चालली होती. "मी म्हणतच होते," वन्सं त्याला सांगत होत्या.

"सोडा त्याला," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी सोडलं. कोपरा जमिनीवरून बाईंकडे बघत राहिला. अधीक्षकाचं सगळं पद कुठल्या कुठे जाऊन तिथे शाळेतला पोरगा उरला होता. कान लाल.

"दुखतंय, बाई."

"दुखणारच. कुशीवर वळ. हात टेक. गुडघे. पाटीला धरायचं नाही, तिचं तिला उभं राहता येत नाही. एक पाय पुढे. पाठ सरळ."

कोपरा धडपडत उभा राहिला. गुडघा फुटला होता. शिट्टी गळ्यात उलटी झाली होती. सवयीनं त्यानं मान खाली घातली आणि शिक्षेची वाट पाहू लागला.

बाईंनी त्याच्या पाठीवरची माती झटकली. मग समोरच्या वाटेकडे बोट केलं आणि साऱ्या गावाला जो शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला एक जन्म लागला, तो शब्द म्हणाल्या.

"पळ."